उलटलेल्या नावेकडे पहिला कोण वळतो?

आपल्यापैकी कित्येकांचे घर नदीच्या एका तीरावर आणि काम दुसऱ्या तीरावर असते. आपल्या नागपूर जिल्ह्यात, कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला, वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्या एकत्र येतात. तिथला मोठा पूल २०२४ साली खुला झाला. त्याआधी पलीकडे भंडाऱ्याच्या बाजूला जायला नाव हीच जवळची वाट होती. पण असे पूल सगळीकडे झालेले नाहीत. त्याच २०२४ च्या २३ जानेवारीला गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. त्या सहलीला नव्हे, मजुरीला निघाल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. अशी बातमी वाचली की "कशाला जातात पाण्यात?" असे शहरातली माणसे सहज बोलून जातात.

नाव उलटल्यावर हाती असतात ती चार-दोन मिनिटे. तेवढ्यात तालुक्याहून गाडी येत नाही. सरकारी बचाव पथकाची माणसे तयारीची असतात, पण त्यांनाही रस्ता कापावा लागतोच. त्या मिनिटांत पोहोचू शकतो तो जवळच जाळे टाकून बसलेला ढिवर, भोई किंवा कहार. डोह कुठे आहे, ओढ कुठली आहे, हे त्याला विचारून घ्यावे लागत नाही.

पाण्यावर पोट असलेल्यांची ही रीत जुनी आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसचे कोळी तेव्हा मासळी विकायला मुंबईकडे येत होते. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. भरलेली बैलगाडी बाजाराच्या वाटेवर रिकामी करणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगावे! अलीकडचीही गोष्ट आहे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्याच समुद्रात, घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जण दगावले, पण जवळच असलेल्या बंदराच्या एका बोटीने पन्नासाहून अधिक माणसे वर ओढून घेतली.

आपल्या नद्यांवर मात्र शेजारी दुसरी नाव असेलच असे नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळ वेणा जलाशयात एका होडीत ११ जण बसले होते, त्यांतले बहुतेक बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीने एकाच नावेतली ११ माणसे नेली. अशा वेळी काठावरचे लोक दिवसदिवस शोध घेतात. त्या दिवसांत त्यांची स्वतःची जाळी कोरडी राहतात, चूलही अडते. वर्तमानपत्रात मात्र पाहणीला आलेल्या पाहुण्यांची नावे छापून येतात. गावाने वर्गणी काढून त्या घरी दोन पायल्या धान्य पोचवायला काय हरकत आहे?

आणि मदतीची सोय आधीच करता येते. नावाडी "आता पुरे" म्हणाला की नवव्या माणसाने काठावरच थांबावे. "एवढ्याने काय होते?" हा आग्रह बहुधा आपणच करतो, आणि पुढच्या खेपेच्या पैशासाठी तो बिचारा गप्प बसतो. जीवरक्षक जाकीट मिळाले तर उत्तमच. ते अंगात घालायचे असते, उशाला घ्यायचे नसते. नसेल तर ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन, सुके भोपळे आणि लांब दोर नावेत असू द्या. तसाच एक दोर घाटावरही ठेवा. लाकडी नाव उलटली तरी बहुधा तरंगते. तिला धरून राहावे. काठावरच्याने पोहता येत नसताना उडी घालू नये, दोर किंवा बांबू द्यावा.

वर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार सोडा. त्यात वेळ जातो आणि उलटी छातीत जाण्याची भीती असते. त्याला उताणा निजवा. श्वास बंद असेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब देत राहा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंना एक दिवस घाटावर बोलावून नावाड्यांना आणि बायांना हे करून दाखवायला सांगा.

मिरचीचा तोडा सुरू होण्याआधी हे झाले तर बरे.