त्वचा, पेहराव आणि चर्चेचे पान

जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरातील कित्येक घरांमधली जुनी कागदपत्रे भिजून गेली. त्यानंतर महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील स्थलनामे, शेतीचे शब्द आणि जात्यावरच्या ओव्या यांचा एक छोटा विकी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा, असे आम्हां दोघां मराठीच्या अध्यापकांना वाटू लागले. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या मुक्त प्रणालीवर चालतो, तीच आम्ही घेतली. काम संथपणे पण बरे चालले होते. दिसायला मात्र तो विकी अगदीच गरीब होता, हे मान्य केले पाहिजे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याला ते पाहवेना. त्याने तिऱ्हाइताने तयार केलेली एक देखणी ‘स्किन’ आणून बसविली. मराठी मीडियाविकीत हिला ‘त्वचा’ असा प्रतिशब्द आहे. भाषांतर शब्दशः आहे आणि पहिल्यांदा वाचताना हसू येते; पण तो शब्द नकळत नेमका ठरला आहे, असे आता वाटते. पेहराव उतरवून खुंटीला टांगता येतो. त्वचेचे तसे नसते. आम्ही मात्र तिला पेहरावच समजलो.

बसविण्याचे काम खरोखरच सोपे असते. २०१४ च्या १.२४ या आवृत्तीपासून मीडियाविकीने आपल्या त्वचाही मूळ प्रणालीतून वेगळ्या काढल्या. त्यामुळे ठरावीक कप्प्यात नवी त्वचा ठेवायची, मांडणीच्या धारिकेत एक ओळ लिहायची, की झाले. माथ्यावर रायगडाचे रुंद छायाचित्र आणि खाली चौकटींत मांडलेल्या नोंदी पाहून भेटीला आलेले सगळे म्हणाले, ‘आता कसे संकेतस्थळ वाटते!’

पहिला फटका लिपीला बसला. रोमन अक्षरे सुटी असतात. रचनाकाराने शीर्षकांत अक्षरांमधले अंतर ऐसपैस ठेवले होते. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषेचेच तुकडे पडले. ओळींची उंची इतकी आवळलेली की रफार आणि वेलांटी वरून छाटली जाई. पानाची भाषा इंग्रजी असल्याचे साच्यातच पक्के लिहून ठेवले होते, त्यामुळे टंकात मराठी वळणाची सोय असूनही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटू लागले. २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिला आहे. आम्ही वर्गात तो शिकवतो आणि आमच्याच विकीवर तो नव्हता. हे दोष डोळ्यांना दिसणारे होते, म्हणून दोन सुट्यांत दुरुस्त झाले.

न दिसणारा दोष कळायला वर्ष गेले. मूळ रूपात प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ असे दुवे असतात. नव्या त्वचेत ते तीन टिंबांमागे गेले होते, तेही प्रवेश केलेल्या सदस्यापुरतेच. ही त्वचा बहुधा कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांसाठी केलेली असावी. तिथे एकच अधिकृत मजकूर असतो, वाचकाने शंका घेण्याचे कारण नसते. आमच्याकडे शंका हाच निम्मा ऐवज होता. पोलादपूरच्या एका मुलीने आजीला विचारून ‘राब’ ही नोंद लिहिली, तेव्हा शेणाचा थर खाली की फांद्यांवर यावरून बिरवाडीच्या मुलाने तिच्याशी चर्चापानावर चांगलेच भांडण मांडले होते. चवदार तळ्याच्या नोंदीत २० मार्च १९२७ या तारखेविषयी वाद नाही. नावाची व्युत्पत्ती मात्र कोणी ‘चव’शी लावतो, कोणी चौदा विहिरींशी. नोंदीत एकच ठेवली होती, दुसरी चर्चेत होती. दुवा गेला आणि आमच्या हातून अर्धवट लिहिलेली गोष्ट वाचकाला निर्णय म्हणून दिसू लागली. वर्षभरात चर्चापानावर एक ओळही वाढली नाही, आणि आम्ही समजत होतो की मुलांचा उत्साह ओसरला!

हा केवळ तिऱ्हाइतांचा दोष आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खुद्द विकिपीडियाच्या मोबाइलवरील ‘मिनर्व्हा’ या त्वचेत नोंदणी न केलेल्या वाचकाला कित्येक वर्षे चर्चापानाचा दुवा दिसतच नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘व्हेक्टर २०२२’ आली, तेव्हा सर्वांत मोठी ओरड मजकुराची रुंदी आवळल्याची झाली. रुंदी महत्त्वाची आहेच. पण वाचकाला लेखकाच्या मागे जाऊन पाहता येते की नाही, हा प्रश्न आम्हांला रुंदीच्या आधीचा वाटतो.

जुनाट ‘मोनोबुक’ला चिकटून राहावे, असे आमचे मत नाही. कुरूपतेत काही पावित्र्य नसते, आणि देखण्या पानामुळे आमच्याकडे वाचक आले हेही खरे. मात्र उसनी त्वचा घेताना रंगांच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात, असे आता ठामपणे वाटते: चर्चा आणि इतिहास अनोळखी वाचकाला एका टिचकीत सापडतात का, बटणांवरील शब्द मराठीत बदलता येतात की साच्यातच इंग्रजी कोरले आहेत, आणि परवाना दुरुस्तीला मुभा देतो का. शेवटचा मुद्दा आम्हांला उशिरा सुचला. सुदैवाने आमच्या त्वचेचा परवाना मुक्त होता. रंग-आकारांचे बदल विकीवरच्याच एका पानात लिहून भागले. दुव्यांसाठी मात्र साच्यात हात घालावा लागला, आणि त्वचेची नवी आवृत्ती आली की तो भाग पुन्हा करावा लागणार, ही टांगती तलवार आहे.

म्हणून दुरुस्ती मूळ रचनाकाराकडे पाठविली आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. राबाच्या चर्चापानावर मात्र गेल्या आठवड्यात तिसरे मत आले, वरकस जमिनीतल्या नाचणीच्या राबाचे, आणि ते पहिल्या दोघांनाही मान्य नाही.