विजेचा सूट नंतर, आधी फिजिओथेरपिस्ट द्या

मंडळी, अंगाला घट्ट बसणारा सूट घालायचा, तासभर करंट घ्यायचा आणि एमएसचा पेशंट चालायला लागतो, असे व्हिडिओ सध्या फिरताहेत. फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं वाचा.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खाते. वायरचं प्लास्टिक सोललं तर जे होईल तेच इथं होतं. पाय लाकडासारखे ताठतात, रात्री गोळे येतात.

सूट खोटा नाही. मूळ स्वीडनचा, आता जर्मनीच्या ओटोबॉक कंपनीकडे आहे. त्यात ५८ इलेक्ट्रोड असतात. एक स्नायू आकसला की त्याच्या उलट बाजूचा सैल पडतो, हा शरीराचाच नियम. म्हणून ताठलेल्या स्नायूच्या उलट बाजूला हलका करंट द्यायचा. काहींना आराम पडतो. पण अभ्यास छोटे आहेत, आराम तात्पुरता आहे, आणि खाल्लेलं आवरण काही परत येत नाही.

व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट अशी, की पायात ताकद नसेल तर पुष्कळदा तो ताठरपणाच माणसाला उभं धरतो. तपासणीविना तो सैल केला तर माणूस पडतो. शिवाय उष्णतेनं एमएसचा त्रास वाढतो. मे महिन्यात भिवंडीतल्या पत्र्याच्या खोलीत घट्ट सूट घालून बघा! पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

‘मग गरिबानं नवं तंत्रज्ञान वापरूच नये का?’ जरूर वापरावं. पण कर्ज काढून नाही. सरकारी रुग्णालयात तज्ज्ञांनी तपासून, आधी वापरून बघायला द्यावं. उपयोग झाला तर सरकारनं खर्च उचलावा, नाही झाला तर परत घ्यावं.

आता सरकारकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात एमएस आला. टाळ्या झाल्या. पण त्याच कायद्याच्या कलम ३४ मधल्या ४ टक्के नोकरी-आरक्षणाच्या यादीत एमएसचं नाव नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही नाही. म्हणजे पंगतीला बसवलं, पण ताटच मांडलं नाही.

ताठरपणावर आज हाताशी काय आहे? रोजचं स्ट्रेचिंग, बॅक्लोफेनसारख्या गोळ्या (डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि अचानक बंद न करता) आणि मेंदू-मज्जासंस्थेचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट. लाखो यंत्रमागांच्या या गावात मजुराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आजारी माणसाला खड्ड्यांतून, रिक्षातून ठाण्या-मुंबईला दर आठवड्याला कोण नेणार?

म्हणून मागणी साधी आहे. आयजीएम उपजिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा, गोळ्या तिथंच मिळू द्या, आणि जो उठू शकत नाही त्याच्या घरी फिजिओ पाठवा. पालिका निवडणुकीत मतं मागायला प्रत्येक गल्लीत पोचता येतं, तर इथंही पोचता येईल. तुमच्या नगरसेवकाला हे विचारा आणि काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.