विधिमंडळ वर्षाकाठी नव्वद दिवस बसलेच पाहिजे!

वर्धा जिल्ह्यातील मतदारांना जाहीर आवाहन



आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या चार मतदारसंघांतून आपण चार आमदार निवडून देतो. कायदे करणे, सरकारला जाब विचारणे आणि राज्याच्या तिजोरीवर नजर ठेवणे, ही त्यांची कामे. ती सभागृहातच होतात. सभागृहच बसले नाही, तर आमदार कितीही तळमळीचा असो, तो काय करणार?

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता: सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्कामाला येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरेल. 2024 मध्ये हे अधिवेशन सहा दिवसांत आटोपले. 2025 मध्ये ते 8 ते 14 डिसेंबर, अवघे सात दिवस चालले आणि त्यात 75 हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या. एवढ्या दिवसांत कापसाच्या भावावर चर्चा कधी व्हायची? सोयाबीन खरेदीची लक्षवेधी कधी लागायची? मुंबई वर्ध्याहून साडेसातशे किलोमीटर, नागपूर पंचाहत्तर. आपला शेतकरी, आपली अंगणवाडी सेविका सकाळी निघून मोर्चात सामील होऊ शकेल असे वर्षातले अधिवेशन हेच. त्याचेच दिवस तोडले जातात.

याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवले गेले. अवघा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर महिलांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक आले. ते मांडले गेले डिसेंबर 2020 च्या दोन दिवसांच्या अधिवेशनात आणि मंजूर झाले डिसेंबर 2021 मध्ये. कोरोनाचे कारण देऊन ही दोन्ही अधिवेशने मुंबईतच उरकली गेली. पुढे त्या विधेयकाला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालीच नाही.

दोष कुठे आहे, ते नीट समजून घ्या. राज्यघटनेच्या कलम 174 प्रमाणे दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नसावे, एवढेच बंधन आहे. किती दिवस बसायचे, यावर कोणतेही बंधन नाही. राज्यपाल अधिवेशन बोलावतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे ज्यांनी उत्तरे द्यायची, तेच प्रश्न विचारण्याचे दिवस ठरवतात! पक्ष कोणताही सत्तेत असो, ही सोय सगळ्यांनीच वापरली आहे.

न्या. व्यंकटचलैया आयोगाने 2002 मध्ये स्पष्ट शिफारस केली: सत्तर किंवा त्याहून अधिक सदस्य असलेली राज्यांतील सभागृहे वर्षाला किमान 90 दिवस बसावीत. आपल्या विधानसभेत 288 आणि विधान परिषदेत 78 सदस्य आहेत. कर्नाटकाने 2005 मध्ये 60 दिवसांचा कायदा केला, पण तो पाळला जात नाही. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही. सरकारने तारखा आधी जाहीर केल्या पाहिजेत आणि त्या मोडल्यास सभागृहासमोर कारण दिले पाहिजे.

अधिवेशन लांबले की खर्च वाढतो, असे सांगितले जाते. हजारो कोटी न तपासता मंजूर होतात, त्या नुकसानीपुढे हा खर्च किरकोळ आहे. आमदाराने मतदारसंघात फिरायला हवे, असेही म्हणतात. जरूर फिरावे. पण गावचा रस्ता आणि नाली पाहायला ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद आहे. कायदा करायला आमदाराशिवाय दुसरे कोणी नाही.

याच विधिमंडळाने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि पुढे साऱ्या देशाने तिचे अनुकरण केले. ही ताकद या सभागृहांत आजही आहे. तिला वेळ द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या मागण्या:

1. वर्षाला किमान 90 दिवस कामकाज; त्यांपैकी 30 दिवस नागपुरात. वर्षभराचे वेळापत्रक जानेवारीतच जाहीर व्हावे.

2. प्रत्येक विधेयकाचा मराठी मसुदा 30 दिवस आधी लोकांसमोर यावा. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा बारा हजारांवर सूचना आल्या. विचारले तर लोक बोलतात.

3. केरळमध्ये 1980 पासून विषय समित्या आहेत. त्याच धर्तीवर आपल्याकडे प्रत्येक खात्यासाठी कायम समिती असावी आणि तिने जिल्ह्यात येऊन उघड सुनावणी घ्यावी.

4. विधेयके आणि मागण्यांवर आवाजी मतदान पुरे. नावनिशीवार मतदान घ्यावे आणि ते त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावे. आपल्या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिले, हे आपल्याला कळलेच पाहिजे.

5. रिकामी पदे व जागा ठरलेल्या मुदतीत भरल्या जाव्यात. विधानसभेचे अध्यक्षपद फेब्रुवारी 2021 पासून जुलै 2022 पर्यंत रिकामे राहिले. विधान परिषदेतील वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली या स्थानिक संस्थांच्या जागेची मुदत जून 2024 मध्ये संपली, तेव्हा जिल्हा परिषदेवर प्रशासक होता आणि जागा भरता आली नाही.

मतदारांनो, येत्या ग्रामसभेत या पाच मागण्यांचा ठराव मांडा आणि तो विधानसभेचे अध्यक्ष व परिषदेचे सभापती यांना पाठवा. आपल्या आमदाराला भेटा. नव्वद दिवसांना पाठिंबा आहे की नाही, याचे लेखी उत्तर मागा आणि ते उत्तर गावच्या फलकावर लावा. सभागृहात बसून आपल्यासाठी बोलावे, म्हणून आपण त्यांना मत दिले आहे. ते काम त्यांच्याकडून करून घेणे हा आपला हक्क आहे आणि कर्तव्यही!

आपले,
वर्धा जिल्ह्यातील मतदार