सायलेन्सरमधली जमीन

बियाणे एकच असले, तरी काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत पीक सारखे येत नाही, हे चांदूर रेल्वेच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गाडीच्या धुराचेही असेच आहे. तिथली जमीन मात्र सायलेन्सरच्या आत असते, म्हणून तिची आठवण कुणाला होत नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. रक्तातला प्राणवायू अडवणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि श्वासनलिकेला त्रास देणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. श्रेय प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंना मिळते. पण त्यांना धरून ठेवतो तो अ‍ॅल्युमिना आणि सिरियम ऑक्साइडचा थर. अशा एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनाच्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरहून अधिक भरतो. म्हणजे चिमूटभर पावडरीत हजार चौरस फुटांचे घर.

नुसते क्षेत्रफळ मोठे असून भागत नाही. पृष्ठभागाची ठेवणही लागते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाचे अभय दात्ये आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे दाखवून दिले. ८०० अंश सेल्सिअसला तापलेल्या हवेत अ‍ॅल्युमिनावरचे प्लॅटिनम जागा सोडते आणि त्याचे गोळे होतात. सोबत सिरियम ऑक्साइड असेल, तर ते प्लॅटिनमचे सुटे अणू पकडून ठेवते. त्यातही कांडीच्या आणि अनेक पैलूंच्या आकाराचे कण हे काम चांगले करतात, चौकोनी ठोकळ्यांसारखे कण कमी. पदार्थ तोच, फरक पृष्ठभागाचा.

ही जमीन नापीक करणे मात्र सोपे आहे. प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. उष्णता फार वाढली की अ‍ॅल्युमिनाची छिद्रे मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. ऑइल जळत असेल, तर त्यातला फॉस्फरस थरावर बसतो. कर्कश आवाजाच्या हौसेपोटी कंपनीचा सायलेन्सर काढून फेकला, की बऱ्याच दुचाकींचा कन्व्हर्टरही त्याबरोबर जातो. पोलीस कारवाई करतात ती आवाजासाठी. हरवलेल्या कन्व्हर्टरची नोंद कुठेच होत नाही.

पीयूसीची चाचणीही अपुरी आहे. ती उभ्या गाडीवर होते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तीत मोजली जात नाहीत. कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही, हे त्याच वेळी पाहणे सक्तीचे करायला हवे. ते पाहायला दोन मिनिटे पुरतात. गाडीमालकानेही इंजिन धक्के देऊ लागले की प्लग तपासून घ्यावा, पुढच्या महिन्यावर ढकलू नये. सायलेन्सरमधली जमीन एकदा गेली की तिथे पुन्हा पेरणी होत नाही, आणि त्याचा भुर्दंड मागून सायकलवर येणाऱ्या शाळकरी पोराच्या छातीला बसतो.