पाय खरे, हात बनवलेला

ल्युसी या लाखो वर्षांपूर्वीच्या मानवसदृश मादीच्या पुतळ्यांवरचा आक्षेप ठरलेला आहे. सांगाडा मिळाला जेमतेम चाळीस टक्के, त्यात पावलांची हाडे जवळजवळ नाहीतच. मग सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तिला माणसाची पावले दिली कुणी? आक्षेप घेणारे सृष्टिनिर्मितीवादी, म्हणून तो हसण्यावारी नेण्याची रीत पडली आहे. ती बरी नव्हे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्यांना हवे तसे नाही.

१९७४ साली इथिओपियातल्या हदारला डोनाल्ड जोहान्सन यांना सापडलेली ही साडेतीन फुटी बाई काही एकटी नाही. तिच्या प्रजातीतल्या इतर अनेकांची हाडे तिथेच मिळाली. त्यांतल्या पावलाच्या एका हाडाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तळव्याला कमान होती असे दिसले. ल्युसीचा स्वतःचा कटिबंध बसका नि रुंद. मांडीचे हाड गुडघ्याकडे येताना आत कललेले, चिंपांझीसारखे सरळ उतरलेले नाही. शिवाय टांझानियात लेटोलीला उमटलेले पावलांचे ठसे आहेत, ल्युसीच्याही चार-पाच लाख वर्षे आधीचे. ज्वालामुखीच्या ओल्या राखेत टाच रुतलेली, अंगठा इतर बोटांच्या रांगेत. केंटकीच्या क्रिएशन म्युझियमने ल्युसीला गोरिलासारखे हात टेकून चालायला लावले आहे. हा असला कटिबंध त्या चालीत कसा बसतो, ते एकदा त्यांनीच सांगावे.

पण म्हणून ‘पुतळा म्हणजे विज्ञानच’ असे म्हणणाऱ्या आमच्या पक्षालाही मोकळे सोडता येत नाही. केस किती, कातडीचा रंग कोणता, नाकाचा शेंडा कसा, याची साक्ष हाडे देत नाहीत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये लेटोलीच्या राखेतून एक जोडपे चालले आहे आणि नराचा हात मादीच्या खांद्यावर आहे. हा हात कुठून आला? राखेत पावले उमटतात, प्रेम उमटत नाही. ठसे लहान-मोठे आहेत, एवढ्यावरून नवरा-बायको ठरवणे ही शिल्पकाराच्या काळाची सवय. ती आई आणि तिचे वाढते पोरही असू शकेल.

तरी पुतळे हवेतच. काचेतल्या हाडांच्या तुकड्यांवरून चाल डोळ्यांसमोर उभी करणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही, आणि नीट घडवलेला पुतळा म्हणजे तपासता येईल असे विधान असते. फक्त पाटीवर स्पष्ट लिहावे: पाय पुराव्याचे, हात आमचा. आणि त्यातच आणखी एक ओळ घालावी. लेटोलीच्या त्या मोठ्या ठशांत पाऊल टाकत आणखी कुणी गेले होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. खांद्यावरच्या हाताला जागा मिळाली, त्या तिसऱ्याला मिळाली नाही.