साडेतीनशेचे पॅड

गेल्या महिन्यात आमचा एक भाचा अकोल्याहून सकाळीच दारात येऊन उभा राहिला. भाड्याने गाडी चालवून तो घर चालवतो. चहाचा कप हातात घेण्यापूर्वीच त्याने विचारले, "मामा, मिस्त्री म्हणते का पॅडासंग डिस्कबी बदला. हजारोंनं बोलून रायला. लुटून तं नाई रायला ना?"

आम्ही पडलो खातेवहीचे माणूस. बी.कॉम.ला ब्रेक हा विषय नव्हता. तरी भाचा आमच्याकडेच आला, कारण तीन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या घाटात आमची काय गत झाली होती हे साऱ्या नात्यात माहीत आहे. आज तीच हकिकत सांगतो. आपल्या वस्तीत आता दहा घरांमागे एखादी जुनी गाडी उभी दिसते. कोणी सेवानिवृत्तीच्या पैशातून घेतलेली, कोणी धंद्यासाठी. घेताना आपण रंग पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो. ब्रेक मात्र पेडलवर पाय ठेवून एकदाच पाहतो.

आमची गाडी चौदा वर्षांची, दुसऱ्या हातची. पुढच्या चाकांचे पॅड संपले होते. एका दुकानात साडेतीनशे रुपयांत जोड मिळाला. डब्यावर धड नाव नव्हते. बिल मागितले नाही, मिळालेही नाही. पाऊणशे रुपये मजुरी देऊन ते बसवले आणि मनातल्या मनात हजार रुपये वाचल्याची नोंद केली. पुढच्याच रविवारी पाच माणसे घेऊन चिखलदऱ्यास गेलो. ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे. चढताना काही कळले नाही. उतरताना निम्म्या घाटात जळका वास आला. पेडल दगडासारखे कडक, पाय पूर्ण जोर देऊन दाबत होता, आणि गाडी मात्र थांबत नव्हती. कसाबसा दुसरा, मग पहिला गियर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या अंगाला गाडी लावली. मागच्या सीटवर मुले एकदम गप्प झाली होती. ती शांतता आम्ही विसरलेलो नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने गाडी हळूहळू परतवाड्यात आणली. तिथल्या मिस्त्रीने चाक खोलले. "भाऊ, पॅडं काचावानी झाले. हे कोनं देल्ले तुमाले?" पॅडचा पृष्ठभाग चकचकीत झाला होता, एक कोपरा तुटला होता आणि डिस्कवर निळसर पट्टे उमटले होते. दोष सगळा पॅडचा नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. आम्ही घाटभर चौथ्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरलो होतो. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरावा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. आम्ही ऐकले नव्हते.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र, एवढे समजले की बाकीचे आपोआप समजते. माणसांसह नऊशे किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात सुमारे पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. चहाचे भांडे डोळ्यांसमोर आणा. ही सगळी धग त्या लोखंडी चकत्या आणि पॅड यांनी सोसायची असते, आणि त्यातही मोठा वाटा पुढच्या चाकांचा, कारण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हल्लीच्या छोट्या गाड्यांत बहुधा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. घाटात पुनःपुन्हा ब्रेक लागला की स्वस्त पॅडमधला चिकटा जळतो, त्याचा वायू सुटतो आणि पॅड डिस्कवर नुसता घसरतो.

घाटाचे सोडा, सपाटीवरही काळ बदलला आहे. अमरावती-अकोला रस्त्याचे खड्डे आपण वर्षानुवर्षे मोजले. त्याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, पण आपल्या गाड्या त्याच जुन्या राहिल्या. पूर्वी खड्डेच वेग आवरत, आता ते काम ब्रेकने करायचे आहे. ताशी ६० ऐवजी ९० ने जाणारी गाडी थांबवायला सव्वादोन पट उष्णता जिरवावी लागते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात डांबर आधीच तापलेले असते, हे वेगळे सांगायला नको.

भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. डिस्क बदलायची की नाही, हे मिस्त्रीच्या चेहऱ्यावरून ठरवू नये, डिस्कवरूनच ठरवावे. तिच्या काठावर किंवा मधल्या भागावर इंग्रजीत किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला किंवा ओतलेला असतो. मिस्त्रीला व्हर्नियर लावायला सांगावे. जाडी त्या आकड्याच्या खाली गेली, किंवा खाली जायला आली, तर डिस्क गेली समजा. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते, वाकते, तडकते. जाडी भरपूर असेल आणि नुसते चरे पडले असतील तर लेथवर घासून काम भागते, पण घासल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. ब्रेक लावताना पेडल थरथरत असेल तर डिस्क वाकडी असू शकते. कधी कधी मात्र हबवर गंज साचलेला असतो आणि दोष डिस्कच्या माथी मारला जातो. तारेच्या ब्रशने हब घासून पाहायला पैसे लागत नाहीत.

भाच्याची डिस्क आम्ही उभे राहून मोजून घेतली. आकड्याच्या दीड मिलिमीटर खाली. मिस्त्री लुटत नव्हता.

आता माल कोणता घ्यावा? गाडीच्या कंपनीच्या डब्यातला माल खात्रीचा, पण महाग. त्याच्या खालोखाल नामांकित कारखान्यांचा. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश ही नावे स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानदाराला ठाऊक आहेत. गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणारे काही कारखाने आपल्याच डब्यातही तो विकतात, आणि आपल्या खिशाला तेच परवडते. तिसरा प्रकार म्हणजे नाव-पत्ता नसलेला डबा. त्याला हात लावू नये. छिद्रे पाडलेली, चरे असलेली डिस्क शर्यतीच्या गाडीसारखी दिसते म्हणून तरुण मुले मागतात. रोजच्या गाडीला ती लागत नाही, उलट छिद्रांपासून तडे जाण्याची धास्ती असते. साधी डिस्क घ्यावी. पॅडही दुकानदार 'सिरॅमिक' म्हणून महाग देऊ करेल. सिरॅमिक पॅडची भुकटी कमी पडते आणि आवाज कमी येतो हे खरे. छोट्या गाडीला मात्र कंपनीने मुळात जसा दिला तसाच चांगला पॅड पुरतो.

दोन्ही बाजूंचे पॅड आणि डिस्क एकदमच बदलाव्यात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅड चढवू नयेत. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो पुसून घ्यायला मिस्त्रीला आठवण करावी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतले पाणी शोषते आणि मग लवकर उकळते. पॅड बसवल्यावर पहिले पेडल थेट तळाला जाते, म्हणून गॅरेजमधून गाडी हलवण्यापूर्वी पाच-सहा वेळा ते दाबावे. हे विसरून समोरच्या भिंतीवर गेलेली गाडी आम्ही पाहिली आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक लावू नये.

आणि पक्के बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो फायदा बिल असेल तरच दिसतो. माल खोटा निघाला तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस फी नाही. साडेतीनशेच्या पॅडचे बिल नव्हते, म्हणून आम्ही मात्र गप्प बसलो.

एक गोष्ट डब्यावर अवश्य वाचावी: 'अ‍ॅसबेस्टॉस-विरहित' असे लिहिले आहे की नाही. हा तंतू उष्णता सोसतो म्हणून ब्रेकच्या मालात वर्षानुवर्षे वापरला गेला. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन वर येते. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅसबेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो निकाल कारखान्यांना उद्देशून होता. रस्त्याकडेच्या गॅरेजात चाक खोलून ब्रेकची धूळ उडवणारे पोरगे त्या कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ते आपल्याच वस्तीतले असते. पॅडमध्ये काय आहे हे नुसते पाहून ओळखता येत नाही, आणि तोंडाला रुमाल बांधून ती धूळ अडत नाही.

भाच्याच्या गाडीचे चाक खोलले तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा हवेची नळी घेऊन पुढे आला. आम्ही थांबवले, मग पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसायला सांगितले. "काका, पान्यानं लय वेळ लागते," तो म्हणाला. मिस्त्रीने नळीचा कॉक बंद केला आणि म्हणाला, "लागू दे."

दीड तास लागला. भाच्याने बिल घडी करून खिशात ठेवले, सीटवर बसला आणि गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल दाबत राहिला. आम्ही मोजले, सहा वेळा. मग तो बडनेऱ्याच्या दिशेने अकोल्याला निघाला.