वेगाची हौस आणि ब्रेकचे तेल

गाडी जोरात चालवण्याची हौस म्हणजे बिघडलेल्या पोरांचे लक्षण, असे मानणारी मंडळी आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘आजचा तरुण आणि वेग’ असा एक विषय होता. नऊपैकी आठ वक्त्यांनी वेगाला झोडपून काढले आणि बक्षीस समारंभ आटोपताच त्यांतले बहुतेक जण दुचाकीला किक मारून सुसाट घरी गेले. मी स्पर्धेत नव्हतो, म्हणून माझे मत येथे मांडतो. वेगाची हौस वाईट नाही. गाडीत फेरफार करून ती अधिक चपळ करणे हेही वाईट नाही. उलट ती एक विद्या आहे. वाईट एवढेच की आपल्या गावात ही विद्या उलट्या टोकाकडून शिकली जाते.

मराठीच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. आमचे वडील मिस्त्री आहेत. बायपासला त्यांचे गॅरेज आहे. त्यांची शाळा सातवीत सुटली. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी ज्या नोटांनी भरली जाते त्यांना ग्रीसचा वास असतो. सुटीच्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली पाने देतो. त्यामुळे गाडीच्या हौसेची मागची बाजू मला बरीच जवळून दिसते.

गॅरेजमध्ये येणारी तरुण गिऱ्हाइके काय मागतात? प्रथम सायलेन्सर. तो असा हवा की गाडी चौकात असताना घरच्यांना कळावे. त्यानंतर रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवणे. मग स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणे, आणि सर्वांत शेवटी तीस-चाळीस हजारांची सतरा इंची अलॉय चाके. वडील सगळे ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात, “ब्रेक ऑइल कधी बदललंस?” या प्रश्नाचे उत्तर मी आजवर एकाही मुलाच्या तोंडून ऐकलेले नाही. काहींना तर असे काही तेल असते हेच ठाऊक नसते. अर्धा लिटरच्या डब्याला तीन-चारशे रुपये पडतात. पण तो डबा कोणाला दाखवता येत नाही, त्याचा फोटो काढता येत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही.

वस्तुतः सगळी मेख तिथेच आहे. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातली गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ५० वर धावणारी गाडी थांबवताना ब्रेकला जेवढे काम पडते, त्याच्या चौपट काम १०० वर पडते. ही सगळी ऊर्जा जाते कुठे? पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणात तिची उष्णता होते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेणारे असते, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ४ जातीचे नवे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा मुरलेल्या तेलासाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. तेल दाबले जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल सरळ खाली जाते आणि गाडी चालतच राहते. आमच्या भागात आंबा घाट उतरून आलेल्या गाड्यांचे हे दुखणे वडिलांनी किती वेळा पाहिले असेल, त्याची गणती नाही. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. तेवढ्या अंतरात आपल्या महाविद्यालयाची अख्खी पोर्च आणि नोटीस बोर्ड येतो.

याच्या अगदी उलट नमुनाही आमच्याच गॅरेजमध्ये आहे. शेजारच्या गावातले एक कापडाचे व्यापारी आपली जुनी मारुती इस्टीम वडिलांकडे सांभाळायला देतात. ही गाडी २००७ सालापासून बनत नाही. यांची त्याआधीची, रीतसर नोंदणी वाढवून घेतलेली. इंजिन १२९८ सी.सी.चे, कंपनीने दिले तसेच. आठवडाभर हे गृहस्थ तिच्यातून दुकानाला जातात आणि वर्षातून एकदा-दोनदा तीच गाडी चालवत कोइमतूरला नेतात. तिथे करी मोटर स्पीडवे हा २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. इथून हजार किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब जाऊन हौस भागवतात आणि त्याच गाडीतून परत येतात, यातच त्या गाडीची खरी परीक्षा आहे. ट्रेलरवरून न्यायची गाडी कशीही बनवता येते; तिला घरी परतायचे नसते.

ट्रॅकचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी फॉर्म्युला मारुती ही एका माणसाची शर्यतीची गाडी घडवली. तिच्यात मारुती ८०० चे ७९६ सी.सी.चे इंजिन होते. आपल्या आईवडिलांच्या पिढीने लग्नाला आणि बाजाराला नेली ती ८००. अंग हलके ठेवले की छोटे इंजिनही पळते, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे मात्र जड चाके आणि डिकीभर स्पीकर घालून वर ताकद कमी पडते म्हणून रडतात.

तर ती इस्टीम. एकाच गाडीला दोन संसार करायचे म्हणजे काय, हे मला तिच्यामुळे कळले. शर्यतीचे कडक पॅड तापल्यावर उत्तम धरतात, पण थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी घरातून निघताना पहिल्याच चौकात एखादे शाळकरी पोर आडवे आले तर काय करायचे? म्हणून वडील तिला मधल्या जातीचे पॅड घालतात. चाक वरच्या बाजूने थोडे आत कलते ठेवले तर वळणावर पकड वाढते, पण रोजच्या सरळ रस्त्यावर टायरची आतली कड झिजते. तिथेही मधला मार्ग. ट्रॅकवर २८ भरलेली हवा चार-पाच फेऱ्यांत तापून तेहतीस-चौतीसवर जाते, म्हणून ती कमी करावी लागते. आणि परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी पुन्हा भरावी लागते, नाहीतर हमरस्त्यावर कमी हवेचा टायर तापून फुटायचा. निघण्यापूर्वी नवे ब्रेक ऑइल, एअर काढून. इंजिनात ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणावर ते एका बाजूला पळते. ट्रॅकवर पोहोचल्यावर स्टेपनी, जॅक, पायपुसणी सगळे बाहेर. चाकांचे नट टॉर्क रिंचने, अंदाजाने नव्हे. चाके निवल्यावर पुन्हा एकदा. आणि ब्रेक लालबुंद तापलेले असताना हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. हे सारे वडिलांनी एका चाळीस पानी वहीत लिहून त्या गृहस्थांना दिले आहे. अक्षर आणि शुद्धलेखन आमच्या सरांना आवडणार नाही. पण ‘उपयोजित लेखना’चा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

आता स्प्रिंगा कापण्याविषयी. स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगेच्या हिशेबाचा राहतो. गाडी खड्ड्यावर उडते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागून काय उपयोग? वडील हे काम करत नाहीत. हजार-दोन हजारांचे काम दारातून परत जाते. गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाते आणि तिथे तासाभरात कापून मिळते. घरी यावरून बोलणी होतात. आईचे म्हणणे असे, की तुम्ही नाही म्हणालात म्हणून कोणाचे कापायचे थांबले का? तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सत्राच्या फीचे हप्ते तिलाच मोजावे लागतात.

मागच्या पावसाळ्यात बायपासच्या वळणावर जो अपघात झाला, ती गाडी क्रेनने आमच्या दारात आणली होती. नावे लिहीत नाही, ती सर्वांना ठाऊक आहेत. गाडी चालवणारा काठी घेऊन का होईना चालतो आहे. शेजारी बसलेला मुलगा आपल्याच वाचनालयात माझ्या पलीकडच्या टेबलावर बसत असे. पंचनाम्यात ‘अतिवेग’ एवढेच कारण आहे, आणि ते खोटे नाही. परंतु पोलिसांचे काम संपल्यावर वडिलांनी चाके उतरवली तेव्हा पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा तारा दिसेपर्यंत झिजलेल्या होत्या. स्प्रिंगा कापलेल्या. ब्रेकचे तेल कोऱ्या चहाच्या रंगाचे. त्या मुलाला वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी स्प्रिंगा कापायला नकार दिला होता. ते एवढेच बोलले, “न्हाई म्हणून मी सुटलो. पोरगं कुठं सुटलं?”

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. रस्त्यावर शर्यत लावणे हा तर कलम १८९ खाली निराळाच गुन्हा. पण चौकात पावती फाटते ती सायलेन्सरची आणि काळ्या काचेची, कारण एक ऐकू येते आणि दुसरी दिसते. टायरची आतली कड पाहायला खाली वाकावे लागते.

आपले महाविद्यालय तरी कुठे वाकते? रस्ता सुरक्षा सप्ताहात रांगोळी होते, घोषवाक्ये होतात, शपथ होते. ‘वेग आवरा’ असे मुलांना सांगणे म्हणजे भूक आवरा म्हणण्यासारखे आहे. त्याऐवजी वेगाला जागा आहे, ती ट्रॅकवर आहे, तिथे जाण्याआधी गाडीला आणि स्वतःला एवढे एवढे करावे लागते, असे सांगितले तर पोरे ऐकतील. माझा अनुभव असा की इस्टीमची ती वही ज्याने ज्याने वाचली, त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीचे बॉनेट उघडून तेलाची डबी तरी पाहिली. श्रीमंतांचा शौक म्हणून नाक मुरडणाऱ्या प्राध्यापकांनाही माझी विनंती आहे, की आपल्या स्वतःच्या गाडीचे ब्रेक ऑइल कोणत्या साली बदलले ते एकदा आठवून पाहावे.

जिमखान्याकडे मी एक अर्ज दिला आहे. व्याख्यानमालेत एक दिवस मिस्त्री बोलवावा; सभागृहात नव्हे, मागच्या पटांगणात. एक गाडी, एक जॅक, दोन पाने, तेलाचा डबा आणि चाक उतरवायला चार मुले, एवढे पुरे. माईक नको, हार-श्रीफळही नको. वडिलांना विचारून ठेवले आहे. बुधवार सोडून कोणताही दिवस चालेल म्हणाले. बुधवारी बाजार असतो आणि टेंपोवाल्यांची गर्दी असते.